कोटी चाललास गा? माउंटन बायकिंगचे सिनेमे, नकाशे आणि आपल्या वाटा

डॅनी मॅकॅस्किलची 'द रिज' ही फिल्म तुम्ही बहुधा पाहिली असेल. नसेल, तर यूट्यूबवर आहे, आठेक मिनिटांची. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर कुलिन नावाची काळ्या दगडांची डोंगररांग आहे. तिची धार काही ठिकाणी इतकी अरुंद, की दोन्ही बाजूंना फक्त उतार. मॅकॅस्किल याच बेटावर जन्मला. २०१४ च्या या फिल्ममध्ये तो सायकल खांद्यावर टाकून 'इनॅक्सेसिबल पिनॅकल' नावाच्या सुळक्यावर चढतो, धारेवरून सायकल चालवतो, दगडांवरून उतरत खाली येतो. शेवटी काटेरी तारेचं कुंपण आडवं येतं. तो सायकलसकट कोलांटउडी मारून पलीकडे जातो.

माउंटन बायकिंगच्या फिल्म्समध्ये ही माझी सगळ्यात आवडती. या प्रकारातल्या बहुतेक फिल्म्स स्लो मोशनमधली धूळ आणि हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातली थरथर यांच्यावर जगतात. 'द रिज' वेगळी आहे, कारण तिच्यात माणूस अनेकदा ठिपक्याएवढा दिसतो. डोंगराला डोंगराच्या मापात राहू दिलंय. आणि चालवणारा घरचा आहे, बाहेरून जिंकायला आलेला नाही, हे फिल्मच्या चालीतच जाणवतं.

तरी ते कुंपण मला दर वेळी खटकतं. फिल्ममध्ये ते फक्त उडी मारायला आहे. कुणाचं, कशासाठी, पलीकडे काय, हा प्रश्नच येत नाही. खरं तर तिथं एक मोठी गोष्ट लपलेली आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं, जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर, बहुतेक जमिनीवरून पायी, घोड्यावर किंवा सायकलनं जाण्याचा हक्क सगळ्यांना दिला. म्हणजे मॅकॅस्किलच्या आधी कायद्यानंच बरीचशी कुंपणं ओलांडून ठेवली होती. फिल्मला याचा उल्लेख करायची गरज वाटली नाही. ज्याच्याकडे हक्क असतो त्याला तो दिसत नाही, हे साहजिक आहे. पण मी ती फिल्म कारध्यात बसून पाहतो, आणि इकडे वाटेचा पहिला प्रश्न उडी कशी मारायची हा नसतो. वाट कुणाची, हा असतो.

जिथं 'वाट संपते' म्हणतात

दुसरी फिल्म २०१२ ची, 'व्हेअर द ट्रेल एंड्स'. पूर्ण लांबीची, खर्चिक, बघताना तोंड उघडं राहील अशी. जगातले नावाजलेले फ्रीराइड सायकलपटू गोबीचं वाळवंट, नेपाळमधलं मुस्तांग, अर्जेंटिना, अमेरिकेतलं युटा अशा ठिकाणी जातात आणि कुणीही सायकल न चालवलेले उतार शोधतात. फिल्मचं आकर्षणच ते आहे: जिथं वाट संपते, तिथून आमचं काम सुरू.

आता मुस्तांग घ्या. काली गंडकीच्या खोऱ्यातून तिबेटचं मीठ खाली आणि दक्षिणेचं धान्य वर, असा व्यापार शतकानुशतकं चालला. माणसं, याक, खेचरं यांनी ते खोरं पायाखालून घातलंय. तिथं 'वाट संपते' असं म्हणणं म्हणजे पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर नवी कार आणून 'इथं याआधी कुणी आलं नाही' म्हणण्यासारखं आहे. सायकल नसेल आली, माणूस आलाय. पण या प्रकारच्या फिल्म्समध्ये इतिहासाची सुरुवात टायरपासून होते.

ही फक्त परदेशी खोड नाही. इन्स्टाग्रामवर 'हिडन ट्रेल' किंवा 'अनएक्स्प्लोर्ड विदर्भ' शोधून बघा. ड्रोन वर जातो, लाल मातीची रेघ दिसते, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, संगीत चढतं. त्या रेघेवर सकाळी मोहफुलं वेचायला गेलेली बाई, गुरं घेऊन गेलेला माणूस, तेंदूपत्त्याचे पुडे डोक्यावर घेऊन परतणारी पोरं, यांच्यातलं कुणी फ्रेममध्ये नसतं. चुकून आलंच तर रील कापून टाकतात. 'लपलेली' वाट म्हणजे तरी कुणापासून लपलेली? जे रोज तिच्यावरून चालतात त्यांच्यापासून तर नक्कीच नाही.

माझा आक्षेप नीतीचा कमी आणि कलेचा जास्त आहे. या फिल्म्स आणि रील्स वाटेबद्दल असल्याचा दावा करतात, आणि वाटेबद्दल त्यांना जवळजवळ काहीच माहिती नसतं.

चाकोरी

भाषेपासून सुरुवात करू. इंग्रजीतला 'ट्रेल' आता मराठीही झालाय, आणि मला त्याच्याशी भांडण नाही. पण ट्रेल म्हटलं की सगळ्या वाटा एकसारख्या होतात. मराठीत वाटेचं नाव बहुतेक वेळा ती कुणी आणि कशासाठी पाडली ते सांगतं. पायानं पडली ती पायवाट. बैलगाडीनं पडली ती गाडवाट. शेतात जायला दोन्ही बाजूंच्या मालकांनी मधे सोडलेली ती पांदण. शेताच्या कडेचा धुरा, ज्याच्यावरून चालता येतं आणि ज्याच्यावरून दोन भाऊ आयुष्यभर बोलायचे बंद होऊ शकतात. तलावाची पाळ, जी मुळात पाणी अडवायला घातली आणि मग आपोआप रस्ता झाली. आणि 'वहिवाट': वापरून वापरून जिच्यावर हक्क तयार होतो ती. इंग्रजीत ज्यासाठी कायद्याची कलमं लागतात ते मराठीत एका शब्दात बसलंय.

यातला माझा सगळ्यात आवडता शब्द चाकोरी. आपण तो आता फक्त निंदेत वापरतो. 'चाकोरीबाहेर विचार करा' हे प्रत्येक ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं आणि प्रत्येक सायकल रीलच्या कॅप्शनमध्येही. पण चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकानं पडलेली घळ. पावसाळ्यात चिखलात ती खोल जाते आणि उन्हाळ्यात वाळून दगड होते. जाड टायरची सायकल घेऊन त्या घळीतून एकदा जाऊन बघा. पुढचं चाक आत अडकलं की हँडल वळत नाही. नजर चाकावर ठेवली की पडणारच. नजर दहा फूट पुढं ठेवावी लागते. बाहेर पडायचं तर घळीला समांतर राहून जमत नाही, वजन मागं घेऊन तिरकं कापावं लागतं. सायकलवाल्यासाठी चाकोरीत राहणं हेच कौशल्य आहे. जो म्हणतो 'मी चाकोरीबाहेर चाललोय', तो बहुधा कधी चाकोरीत उतरलेलाच नसतो.

सायकलच्या नावाचीही अशीच गंमत. आमच्याकडे जाड टायरच्या, आडव्या दांड्याच्या सायकलला कितीतरी वर्षं 'रेंजर' म्हणत. हीरो कंपनीचं ते मॉडेल, पण नाव सगळ्याच तसल्या सायकलींना चिकटलं. आणि जंगलालगतच्या गावात रेंजर म्हणजे वनक्षेत्रपालसुद्धा. एका रेंजरवर बसून दुसऱ्या रेंजरची नजर चुकवणं हा कितीतरी पोरांचा पहिला माउंटन बायकिंगचा अनुभव असावा. त्याच्यावर अजून कुणी फिल्म काढलेली नाही.

निळा चौकोन, काळा हिरा

ट्रेलबद्दल लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे, आणि ती आता ॲपमध्ये गोठलीय. सुरुवातीला रंग: हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, दोन काळे हिरे म्हणजे हाडांचा डॉक्टर ओळखीचा असलेला बरा. ही चिन्हं बर्फावरच्या स्कीइंगमधून आली आणि माउंटन बायकिंगनं तशीच उचलली. मग लांबी, चढाई, उतार, आणि शेवटी एखादं विशेषण. 'फ्लोई' हे आजकालचं सगळ्यात लाडकं.

ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी बनवलेला मोफत नकाशा यापेक्षा बारकाईनं काम करतो. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे त्याच्या रचनेवर माझा जीव आहे. तिथं प्रत्येक वाटेला टॅग लावता येतात: ही 'पाथ' आहे की 'ट्रॅक', पृष्ठभाग कसला, ट्रॅक असेल तर पक्केपणाचा दर्जा १ ते ५ पैकी कोणता. माउंटन बाइकसाठी वेगळी मोजपट्टी आहे, ० पासून ६ पर्यंत. दगड केवढा, वळण किती आवळलेलं, पायरी किती उंच, यांवरून आकडा ठरतो.

ही मोजपट्टी हुशारीनं बनवलेली आहे. पण ती आमच्या भागात लावायला गेलं की तिचं गृहीत उघडं पडतं. ती धरून चालते, की वाट वर्षभर तीच असते. भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. जानेवारीत ज्या धुऱ्यावरून लहान पोरगं सायकल नेईल, तोच ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंच्या भरलेल्या बांध्यांमधली साबणाची वडी असतो. कारध्याचा लहान पूल उन्हाळ्यात शून्य दर्जाचा. वैनगंगेला पूर आला की तो पाण्याखाली असतो आणि त्याला कुठलाच आकडा लागत नाही.

गंमत म्हणजे इथल्या शेतकऱ्यांकडे याहून चांगली मोजपट्टी आधीपासून आहे. या जिल्ह्यात मातीला नावं आहेत: कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. कन्हार म्हणजे काळी, भारी, ओली झाली की पायाला धरून बसणारी. सिहार पिवळसर, रेतीमिश्रित, धानाची. बरडी लाल, मुरमाड. ही नावं पिकासाठी ठेवलेली, पण सायकलवाल्याला यांच्याइतकी उपयोगी माहिती कुठलाच काळा हिरा देत नाही. पाऊस पडून गेल्यावर बरडीवरून दुसऱ्या दिवशी जाता येतं. कन्हारीत चिखल टायर आणि फ्रेमच्या मधे असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, मॅकॅस्किलसारखी, फक्त सुळका नसताना. 'ही वाट सिहारीतून जाते' या एका वाक्यात ऋतू, पाणी, पीक आणि घसरण असं सगळं येतं. 'मध्यम, फ्लोई' यात काय येतं?

सगळ्यात चांगलं पुस्तक पाण्याबद्दल आहे

इथवर वाचून वाटेल की मी या खेळाच्या विरोधात आहे. तसं नाही. माउंटन बायकिंगनं वाटेबद्दल एक खरोखर चांगलं पुस्तक दिलंय, आणि ते कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे 'इम्बा', या संस्थेचं 'ट्रेल सोल्युशन्स', २००४ चं. ती वाटा कशा बांधायच्या याची मार्गदर्शिका आहे.

ते पुस्तक का लिहावं लागलं, हे बघण्यासारखं आहे. या खेळाची प्रसिद्ध जन्मकथा कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीची. माउंट टॅमल्पायसच्या परिसरात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर १९७६ साली काही जणांनी जुन्या, जड सायकलींची शर्यत लावली. उतार एवढा, की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव 'रीपॅक'. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही नावं तिथली. ही कथा नेहमी बंडखोर पोरांची म्हणून सांगितली जाते. पण तो उतार त्या पोरांनी बनवलेला नव्हता. वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून काढलेला तो रस्ता होता. म्हणजे त्यांचीही चाकोरी दुसऱ्याच कुणाची होती.

पुढं सायकली वाढल्या, पायी चालणारे आणि घोडेस्वार वैतागले, भांडणं झाली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेनं संरक्षित 'वाइल्डरनेस' क्षेत्रांतून सायकलींना बाहेर काढलं. मरीनमध्ये सायकलींचा वेग मोजायला रडार गन आल्या. १९८८ मध्ये इम्बा स्थापन झाली ती या भांडणातून. वाट वापरायची असेल तर ती राखता आली पाहिजे, हे या लोकांना भांडून कळलं, आणि 'ट्रेल सोल्युशन्स' हे त्या शहाणपणाचं पुस्तक आहे.

त्याचा नायक सायकलवाला नाही, पाणी आहे. वाटेचा चढ हा डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेवरूनच धावेल. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवा. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे पाणी पसरून निघून जाईल. मधेमधे चढाची दिशा उलटवा, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला जागा मिळेल. प्रत्येक नियमाच्या मागं एकच विचार: पाणी आपल्या आधी इथं होतं, आपल्यानंतरही असेल, त्याला वाट द्या.

हा विचार भंडाऱ्याच्या माणसाला परका वाटू नये. इथले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आता 'मामा तलाव' म्हणतात, याच बुद्धीनं बांधलेले आहेत. कोहळी समाजाचं नाव या तलावांशी जोडलेलं आहे. उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाण्याला सांडवा, खालच्या बांध्यांना पाणी. पाळीवर झाडं, आणि झाडांखालून वाट. इम्बाच्या पुस्तकातली कितीतरी चित्रं बघून मला पाळच आठवते. फरक एवढाच, की तिथं वाटेसाठी पाण्याची सोय केली आणि इथं पाण्याची सोय करताना वाट झाली. या पाळींवर सायकल चालवणं हा आमच्या भागातला सगळ्यात सुंदर अनुभव आहे, आणि त्याच्यावर एकही ट्रेल रिव्ह्यू मला सापडलेला नाही.

कोटी चाललास गा?

अशाच एका पाळीवर म्हाताऱ्या माणसांनी मला अनेकदा थांबवून विचारलंय, "कोटी चाललास गा?" झाडीबोलीत कोटी म्हणजे कुठं. साधा प्रश्न, शिष्टाचाराचा. पण हेल्मेट घालून, शनिवारी सकाळी, 'राइड'ला निघालेल्या माणसाकडे याचं उत्तर नसतं. कुठंच नाही. चक्कर मारून परत घरी.

मला वाटतं, ट्रेल आणि वाट यांच्यातला खरा फरक या प्रश्नात आहे. वाट कुठंतरी जाते: शेताला, तलावाला, दुसऱ्या गावच्या बाजाराला, मुलीच्या सासरी. महाशिवरात्रीला माणसं गायमुखच्या डोंगराकडे जातात ती वाट महादेवाकडे जाते. ट्रेल मात्र पार्किंगपासून निघते आणि पार्किंगला परत येते. तिचं मुक्काम म्हणजे अनुभव. यात वाईट काही नाही. संध्याकाळी फिरायला निघालेला माणूसही कुठंच जात नसतो. पण ट्रेलची भाषा वाटेला चिकटवली की वाटेचं 'कुठं' गळून पडतं, आणि त्याच्याबरोबर तिथं जाणारी माणसंही.

मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळतात. पांदणीतून, चाकोरीतून, दप्तर कॅरिअरला बांधून, गिअर नसलेल्या त्या सायकलवरून मुली शाळेला जातात. इम्बाच्या भाषेत त्या रोज एक निळा चौकोन पार करतात, पावसाळ्यात काळा हिरा. त्यांना कुणी माउंटन बायकर म्हणणार नाही, कारण त्यांच्याकडे 'कोटी' याचं उत्तर आहे.

उजेडातल्या आणि अंधारातल्या वाटा

हे सगळं शब्दांपुरतं असतं तर मी इतकं लांबवलं नसतं. पण वाटेचं वर्णन करणं हे वाटेच्या बाबतीत काहीतरी ठरवणंही असतं.

स्ट्रावा या ॲपनं २०१७ च्या अखेरीस आपल्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा जागतिक 'हीटमॅप' नव्यानं प्रसिद्ध केला. जिथं लोक जास्त धावतात, सायकल चालवतात, तिथं रेघ जास्त उजळ. २०१८ च्या जानेवारीत लक्षात आलं, की वाळवंटातले लष्करी तळसुद्धा त्यात चमकतायत, कारण सैनिक हातात घड्याळ बांधून धावत होते. त्या बातमीतून सगळ्यांनी खासगीपणाचा धडा घेतला. मला उलट बाजू दिसते. त्या नकाशात उजेड पडतो तो फोन आणि घड्याळाचा, पावलांचा नाही. पहाटे चारला मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायकांची वाट, जी कदाचित त्यांच्या आजीच्या आजीपासून चालू आहे, तिथं काळीकुट्ट आहे. प्रोग्रॅमरना पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात: माहिती नसणं आणि किंमत शून्य असणं यांत फरक आहे. नकाशा वाचणारा मात्र अंधाराला शून्यच समजतो. 'इथं काही नाही.' आणि जिथं काही नाही, तिथं काहीही करता येतं.

आमच्या ईशान्येला कोका अभयारण्य आहे, २०१३ साली जाहीर झालेलं, आता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. ज्यांना सूट आहे त्यांत सार्वजनिक मार्गानं जाणारा आहे. आता अमुक वाट 'मार्ग' आहे की नाही, हे कशावरून ठरणार? मी स्वतः तिथं सायकल नेण्याच्या बाजूचा नाही. वाघाच्या जंगलात सायकलचा आवाज येत नाही, हाच तिचा दोष. पण माझ्या शनिवारच्या राइडवर बंदी येणं आणि एखाद्या गावाची तलावाकडे जाणारी वाट बंद होणं, या दोन गोष्टी एका मापात बसत नाहीत. दोन्हींना 'ट्रेल क्लोज्ड' म्हटलं की बसल्यासारख्या वाटतात.

आपल्याकडे वाटांची जुनी नोंद आहे, तलाठ्याकडच्या गाव नकाशात. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेनं. ओपनस्ट्रीटमॅपवरही 'पाथ' तुटक रेषेनंच दिसते. सायकलवाले ज्याला प्रेमानं 'सिंगलट्रॅक' म्हणतात ती महसूल खात्याची ही एकेरी तुटक रेघ. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. तिथं पंचनामा होतो, शेजाऱ्यांचे जबाब होतात, आणि 'ही वाट आम्ही वापरत आलो' हे वाक्य पुरावा ठरू शकतं.

जंगलाच्या बाबतीत २००६ चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये त्याखाली सामूहिक हक्क मिळाला. दाव्यासोबत जे पुरावे चालतात त्यांत नकाशे आहेत, जागेवरच्या खुणा आहेत, आणि वडीलधाऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे गावातली म्हातारी जेव्हा सांगते, की 'या वाटेनं आम्ही मोहाला जात होतो, त्या वाटेनं बांबूला', तेव्हा ती ट्रेल रिव्ह्यूच सांगत असते. फरक इतकाच की तिच्या रिव्ह्यूवर गावाचं जंगल अवलंबून असू शकतं.

वाट पुसली जायला वेळ लागत नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. आज त्याचं बॅकवॉटर वैनगंगेतून वर भंडाऱ्यापर्यंत येतं. बुडालेल्या गावांची यादी सरकारकडे आहे, घरांची मोजणी झाली, जमिनीचा हिशोब झाला. त्या गावांमधल्या वाटांचा हिशोब कुठल्या रकान्यात मांडणार? दोन गावं वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा वसवता येतात. त्यांच्यामधली वाट पुनर्वसित होत नाही.

कॅप्शनमध्ये एक ओळ

म्हणून मला माउंटन बायकिंगच्या लिखाणाकडून जे हवंय ते फार नाही. फिल्म काढा, ड्रोन उडवा, उड्या मारा. पण वाटेची ओळख करून देताना तिची माहिती द्या. कुठून कुठं जाते. माती कोणती. पावसाळ्यात काय होतं. कोण वापरतं, कोणत्या वेळी. स्थानिक लोक तिला काय म्हणतात. यानं रील बिघडणार नाही. उलट पहिल्यांदा तिच्यात गोष्ट येईल. 'द रिज' चांगली आहे ती उड्यांमुळे नाही, त्या माणसाला तो डोंगर माहीत होता म्हणून.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाटेला नाव देण्याचा रकाना असतो. आमच्या भागातल्या बहुतेक वाटांचा तो रिकामा आहे. गेले काही महिने मी सुट्टीत घरी आलो की विचारत फिरतोय. मिळालेली नावं भारी असतात: झाडावरून, देवावरून, कधीच्या काळी तिथं पडलेल्या बैलावरून. नाव टाकण्याआधी मात्र प्रत्येक वेळी गावात विचारतो, की हे नकाशावर गेलेलं चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात. मोहाच्या एका वाटेबद्दल एका बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांच्या झाडांपर्यंत आणखी कुणी पोचायला नको होतं. ती वाट मी काढलेली नाही. आता तिथं नकाशात काही दिसत नाही, आणि या वेळी ते तिथल्या माणसानं ठरवलंय.